दिवसा सांगितलेली गोष्ट

गोष्टीतल्या राजाने सूर्याला ऐन डोक्यावर थांबवून धरलं होतं आणि मिनल घोटभर पाणी प्यायला थांबली होती, तेवढ्यात आई लॅपटॉपच्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ अजून नाही आला वं." मिनलने तिच्याकडे न बघताच एक बोट वर केलं. आई थांबली नाही. पदर डोक्यावरून ओढून तिने कानामागे खोचला, चपला शोधल्या, आणि जिन्यातला तिच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत मिनल स्क्रीनकडे बघून हसत राहिली. हसू आता आपोआप राहतं चेहऱ्यावर, गालांना सवय झाली आहे. कॅमेऱ्यात फक्त ती आणि मागचं पुस्तकांचं कपाट दिसत होतं. कूलर दिसत नव्हता, ओढून घेतलेले पडदे दिसत नव्हते, नागपूरचा मे महिना दिसत नव्हता. आईचा भाऊ म्हणजे मिनलचे मामा, ते दही आणायला गेले होते. दह्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. क्लास सुरू झाला तेव्हा ते निघाले होते आणि आता ज्योतिषी येऊन, राजाचं तप होऊन, सूर्य थांबूनसुद्धा बराच वेळ झाला होता. तिने बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "तर मंडळी, दुपार काही सरेना."

मंडळी म्हणजे ऑनलाइन वर्गातले काळे चौकोन. प्रत्येक चौकोनात नावाचं एक अक्षर. कोर्सचं नाव 'पुराणकथा आणि कथनकला', हे नाव कंपनीने ठेवलेलं. कंपनीचं ऑफिस विमानतळाजवळच्या मिहानमध्ये, तिथे मिनल एकदाच गेली होती, आणि तिथल्या गारव्याने तिला शिंका आल्या होत्या. ऋषी नावाचा एक नम्र मुलगा तिचे वर्ग सांभाळतो. तो कधी रागावत नाही. तो फक्त एक आलेख पाठवतो. आलेखात एक रेघ डावीकडे उंच असते आणि उजवीकडे उतरत जाते, आणि प्रत्येक उताराखाली मिनलचं त्या क्षणाचं वाक्य असतं. समुद्रमंथन सांगताना तिने वासुकीची लांबी वर्णायला घेतली, तिथे माणसं निघून गेली. शापाचे प्रकार सांगितले, तिथे गेली. कॉलेजात तासिकांवर शिकवताना पोरं जांभया द्यायची, पण जांभई म्हणजे निदान तोंड तरी दिसायचं. इथे माणूस जातो तेव्हा खुर्चीचा आवाजही होत नाही, एक अक्षर कमी होतं आणि बाकीची अक्षरं सरकून जागा भरून काढतात. रेघ अशीच राहिली तर कोर्स बंद होणार होता, आणि कॉलेज तिने स्वतःच्या हाताने सोडलं होतं. मग तिने घंटा वाजवून पाहिली, कोडी घातली, सूर्याच्या रथाला घोडे किती म्हणून विचारलं. एकदा म्हणाली, आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, तुम्ही माइक उघडून 'हं' म्हणा. तर कुणाचा कुकर, कुणाचं कुत्रं, कुणाच्या सासूबाई, असं सगळं एकदम घरात शिरलं. ऋषीने नम्रपणे सगळ्यांचे माइक बंद केले. हुंकार लिहून द्या म्हटलं तर लोक 'हम्म' लिहायला लागले, आणि लिहिलेल्या 'हम्म'चा अर्थ आजकाल 'पुरे आता' असा होतो. त्यातच संध्याकाळची वेळ दुसऱ्या कुठल्यातरी कोर्सला देऊन कंपनीने तिला भर दुपारी आणून बसवलं. तेव्हा चिडून, अगदी खरी चिडून, ती एकदा बोलून गेली होती की दिवसा गोष्ट सांगू नये, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो.

आणि काळ्या चौकोनांत जीव आला. कुणी लिहिलं, अरे हो, माझी आजी म्हणायची. कुणी लिहिलं, माझे मामा आत्ता गाडी चालवताहेत, त्यांना फोन करू का? दुबईच्या एका बाईंनी आपल्या तिन्ही मामांची नावं लिहून काढली. मिनल बघतच राहिली. त्या दिवशी ऋषीच्या आलेखातली रेघ उतरली नाही. ती चढली.

खरं तर ही गोष्ट तिची नव्हतीच, मामांची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रामटेकला मामांकडे जायची. मामा मनसरच्या खाणीच्या कचेरीत होते, संध्याकाळी पायांवर काळसर धूळ घेऊन यायचे, ते पाय हौदावर धुवायचे आणि मग अंधार पडला की गच्चीवर सतरंजी. गडावरच्या देवळाचे दिवे दिसायचे. मामा गोष्ट सांगायचे आणि तिने हं म्हणायचं. हं थांबलं की गोष्ट थांबायची, आणि सकाळी उठून ती विचारायची की पुढे काय झालं, तर मामा दात घासता घासता मान हलवायचे. दिवसा नाही. तिने हट्ट केला, रडून घर डोक्यावर घेतलं, तरी नाही. "मीच वाट चुकलो त तुह्या मायले भाऊ कुठून आणून देशील?" असं म्हणून सायकलवर टांग टाकायचे. बाकीच्यांचे गोष्टी सांगणारे निराळे असतात आणि मामा निराळे. तिच्या बाबतीत सांगणारा आणि हरवणारा एकच. लहानपणी तिला हे फार भारी वाटायचं, की या माणसाला स्वतःचा जीव सांभाळून गोष्ट सांगावी लागते. सूर्य थांबवणाऱ्या राजाची गोष्टही त्यांचीच. कुठल्याच पुराणात तिला ती सापडली नाही, त्यांनीच रचली असावी. राजाच्या मुलाला ज्योतिष्याने सांगितलेलं असतं की आजचा सूर्य मावळला की तू मरशील. म्हणून राजा सूर्याला मावळूच देत नाही. मुलगा जगतो, पण विहिरी आटतात, पाखरं झाडाखालून हलत नाहीत, आणि रानात गेलेल्या गाई परत येईनात, कारण संध्याकाळ झाल्याशिवाय गाईला घर आठवत नाही. शेवटी मुलगाच बापाचे पाय धरतो आणि म्हणतो, जाऊ द्या त्याला. हा शेवट मिनलला कितीतरी वर्षांनी कळला, कारण गाई परत येईनात इथपर्यंत येता येता तिला झोप लागायची.

मामी गेल्यावर आईने मामांना नागपूरला, या मनीष नगरच्या फ्लॅटमध्ये आणलं. ते कूलरसमोर बसून असायचे, कुणाला त्रास नको अशा बेताने. मामांची चर्चा वर्गात रंगली तेव्हा मिनलने एकदा लॅपटॉप फिरवून त्यांना दाखवलं. मामांनी दोन्ही हात जोडून सगळ्या अक्षरांना नमस्कार केला. लोक वेडे झाले. मग दुसऱ्या वर्गात तिने सांगितलं की मामा आता कोथिंबीर आणायला निघाले आहेत आणि मी गोष्ट सुरू करते आहे, बघू या गोष्ट संपेपर्यंत पोहोचतात का. गोष्ट संपता संपता मामा आले, रुमालाने मान पुसत कॅमेऱ्यात डोकावले आणि हात वर करून म्हणाले, "पोहोचलो." टाळ्यांची चित्रं पडद्यावरून वर वर गेली. तेव्हापासून तो नेमच झाला. मामांना पण आवडायला लागलं. वर्गाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. आई कुरकुरायची. "काहून धाडतं वं त्याले उन्हात?" मिनल म्हणायची की पाच मिनिटांचं काम आहे, तेवढेच पाय मोकळे होतात, आणि तेही खोटं नव्हतं. मार्चमध्ये ते अजिबात खोटं नव्हतं.

एप्रिलमध्ये मामा एकदा दह्याऐवजी वह्या घेऊन आले. हे तिने वर्गात सांगितलं आणि हशा झाला. एकदा ते खालच्या मजल्यावरच्या कुणाची तरी बेल वाजवून त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. हे सांगताना तर तिने आवाज बदलून, त्या घरच्या बाईचा चेहरा करून सांगितलं, कथनकलेचा धडाच म्हणा ना, आणि ऋषीचा निरोप आला की मॅम, मामांना कोर्समधून काढू नका कधी. आणि एकदा, मागच्याच आठवड्यात, ते वेळेत आले, हातात दही होतं, सगळं बरोबर होतं, फक्त दारात उभे राहिले. कॅमेऱ्याच्या बाहेर, चपला न काढता. तिने खुणेनेच आत बोलावलं. मामा भिंतीला धरून जवळ आले, वाकले, आणि तिच्या कानाशी कुजबुजले, "हे घर आपलंच हाये ना वं?" तिने मान हलवली, हो म्हणून. आणि डाव्या हाताने त्यांचं कोपर धरून त्यांना कॅमेऱ्यात ओढलं. मामांनी हात वर केला. पोहोचलो म्हणाले. ही एक गोष्ट मात्र तिने वर्गात सांगितली नाही. आईलाही सांगितली नाही. त्यानंतर कितीदा तरी भांडी घासताना, गाडी लावताना तिला कानाशी तो गरम श्वास जाणवायचा आणि ती मोठ्याने काहीतरी दुसरं बोलायला लागायची.

"गाई परत येईनात," ती आता म्हणाली. आवाज तिला आपला वाटला नाही, चांगला होता, खाली उतरलेला, दबलेला, असा आवाज तिला एरवी आणावा लागतो. हातांनी टेबलाखाली तिने मामांचा नंबर लावला. स्वयंपाकघरात, फ्रिजवर, मामांचा फोन वाजायला लागला. तो वाजत राहिला आणि ती विहिरींबद्दल बोलत राहिली. चौकोनांमध्ये कुणीतरी लिहिलं, मामा पोहोचले का? लगेच खाली दुसऱ्याने, तिसऱ्याने. मामा पोहोचले का. मिनलने वाचलं आणि खरं तेच सांगितलं. "नाही. अजून नाही पोहोचले." हसऱ्या तोंडांची रांग आली. "थट्टा नाही करत मी. ते खरंच आलेले नाहीत. फोन घरी आहे त्यांचा." तर कुणी लिहिलं, वा, आज वेगळं वळण. कुणी लिहिलं, अंगावर काटा आला हो. दुबईच्या बाईंनी लिहिलं की मॅडम, तुमचा चेहरासुद्धा पांढरा पडला आहे, कसं जमतं तुम्हाला? आता ती छाती बडवून रडली असती तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या, आणि हे त्यांना तिनेच शिकवलं होतं. बाजूला ऋषीचा निरोप उघडला. मॅम, आज एकही जण बाहेर पडलेला नाही, उलट मागचे सोडून गेलेले परत आलेत, प्लीज असंच चालू ठेवा.

चौकोन खरंच वाढले होते. एका पानावर मावत नव्हते. आणि तिला लाज वाटली ती याची, की ते बघून क्षणभर तिला बरं वाटलं. मग ती घाईने गोष्ट पुढे रेटायला लागली, कारण मनात एक खुळं गणित सुरू झालं होतं. गोष्ट चालू आहे तोवर मामा चुकलेले, म्हणजे गोष्ट संपली की वाट सापडणार. लवकर संपवावी. पण मग दुसरा विचार आला, की सूर्य मावळला की या गोष्टीत मुलगा मरतो. मग संपवू नये. मग अर्धी सोडावी? अर्धी सोडलेल्या गोष्टीतला मामा कुठे राहतो? याचा उतारा मामांनी कधी सांगितला नव्हता. तिने एम.ए.ला समजुती आणि लोकमानस असा पेपर लिहिला होता, चांगले गुण मिळाले होते, आणि आता पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी टेबलावर अजिबात सरकत नाही असं तिला वाटत होतं. पट्टी तिच्या मनगटावर पडली होती आणि भाजत होती. आईचा फोन आला. तिने माइक बंद केला, तोंडावर हात धरला. आई धापा टाकत होती. दहीवाला म्हणाला, बाबूजी दही घेऊन कवाचेच गेले, पण घराकडे नाही, पुलाखालून तिकडे गेले, वर्धा रोडकडे. "मले चालवत नाही आता," आई म्हणाली. "डोये फिरून राहिले. तू ये."

हो म्हणून तिने फोन ठेवला, आणि माइक उघडला. का उघडला? एक वाक्य सांगून निघू, असं तिला वाटलं होतं. नमस्कार, आज थांबू या. तेवढं तरी रीतीने. पण पडद्यावर मधोमध एक पांढरी चौकट उघडलेली होती. ऋषीने मदतीला म्हणून मतदान ठेवलं होतं, मामा पोहोचतील का? खाली दोन पट्ट्या, 'हो' आणि 'नाही'. 'नाही'ची पट्टी वाढत होती. तिच्या डोळ्यांदेखत, मुंगी चालावी तशी, उजवीकडे जात होती. इतके दिवस ज्यांना जागं ठेवायला तिने जिवाचा आटापिटा केला ते सगळे जागे होते, एकूण एक, आणि बोट उचलून सांगत होते की नाही पोहोचणार. मिनलने लॅपटॉपचं झाकण पाडलं. तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं.

बाहेरचं ऊन अंगावर आलं तेव्हा तिला कळलं की आपण इतका वेळ कूलरमध्ये बसून उन्हाची गोष्ट सांगत होतो. दुपट्टा तोंडाला बांधून तिने स्कूटी काढली. सीट तव्यासारखी तापलेली. गल्लीच्या तोंडाशी आई दहीवाल्याच्या स्टुलावर बसली होती, त्याने तिच्या हातात ताकाचा ग्लास दिला होता आणि तिने तो नुसताच धरला होता. मिनलकडे तिने पाहिलं. तिने नुसता हात लांब करून दिशा दाखवली. रस्त्यांवर कुणी नव्हतं. कुत्री गाड्यांच्या खाली, दुकानांची शटरं अर्धी. प्रत्येक झाडाखाली मिनल पाहत गेली, आणि प्रत्येक झाडाखाली कुणीतरी झोपलेलं होतं, आणि ते मामा नव्हते. मामा कुठल्या रंगाचा शर्ट घालून गेले होते हे तिला आठवेना. इस्त्रीचा होता. तिने स्वतः बघून छान म्हटलं होतं. पण रंग? ती गाडी चालवता चालवता मोठ्याने रंगांची नावं घ्यायला लागली. तिला वाटलं, रंग आठवला नाही तर ते सापडणार नाहीत, आणि ती रडायला लागली, दुपट्ट्याच्या आत, कुणाला न दिसता.

वर्धा रोडला लागल्यावर मेट्रोच्या खांबाखाली एक पानठेला आहे. ठेल्याचा मालक, नंतर कळलं त्याचं नाव ताराचंद, ओलं फडकं पिळून एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर धरत होता. निळा. शर्ट निळा होता. मामा फळकुटावर ताठ बसले होते, मांडीवर दह्याची पिशवी, आणि आतलं दही पातळ होऊन त्यांच्या पँटवर सांडलं होतं. मिनलने गाडी उभी केली ती पडली, ती तशीच टाकून धावली. ताराचंदने विचारलं, तुमचे हायेत का? मग सुटकेने भराभर सांगायला लागला की केव्हाचे बसून हायेत, पाणी पाजलं, लिंबू पाजलं, घर कुठी म्हणून विचारलं तर रामटेक म्हणतात. "फोन नंबर पाठ हाये म्हणतात, पण सांगत नाहीत. मी तरी काय करू मग?" मिनलने मामांच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं आणि भट्टीसारखं तापलेलं. घामाचा एक थेंब नव्हता अंगावर. ऑटो आणा, लवकर आणा, दवाखान्यात न्यायचं आहे, असं ती ओरडली आणि ताराचंद फडकं तिच्या हातात देऊन रस्त्यावर पळाला.

तिने ते फडकं मामांच्या मानेवर ठेवलं. दुसऱ्या हाताने तोंडाचा दुपट्टा सोडला, आपला चेहरा त्यांच्यासमोर धरला, आणि म्हणाली, "मामा. मी आली." मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल झाले होते, पण नजर शांत होती, परक्या बाईकडे भल्या माणसाने बघावं तशी. मग त्यांनी सावकाश दोन्ही हात जोडले. तोच, कॅमेऱ्यासमोरचा नमस्कार. तिने त्यांचे जोडलेले हात दोन्ही हातांत धरले. ते हात तिला ओळखत नव्हते, पण त्यांनी सोडवूनही घेतले नाहीत.

"कोणाकडे जायचं हाये तुम्हाले?" शेवटी तिने विचारलं. काहीतरी बोलत ठेवायचं होतं, डोळे मिटू द्यायचे नव्हते.

"भाची हाये माही इथं," मामा म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते. "मिनल. लय हुशार हाये."

"मग तिले लावू का फोन?"

मामांनी घाईने मान हलवली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि त्यांनी तिचा हात घट्ट दाबला.

"आता नोका लावू, बाई. क्लास चालू असन तिचा. मधात फोन आला का पोट्टे निघून जातात तिचे."

रस्त्यापलीकडे ताराचंद एका रिकाम्या ऑटोला हात करत होता आणि ऑटो थांबत नव्हता. मिनलने फडकं उलटं करून पुन्हा त्यांच्या मानेवर ठेवलं.

"बरं," ती म्हणाली. "नाही लावत."